मेल तुम्हीच केला का?

२१ ऑक्टोबर २००२

बाबूजींनी आज पुन्हा तेच केलं! हैदराबादच्या पार्टीचा मेल आला — हरभऱ्याचं बियाणं गुरुवारपर्यंत पाठवा. बाबूजींनी वाचला, चष्मा पुसला आणि फोन लावला. "मेल तुम्हीच केला का?" पलीकडून 'हो' आलं तेव्हा कुठे गोदामाचं शटर वर गेलं.

मी म्हटलं, मग मेल हवाच कशाला? तर म्हणे, "फोनवर आवाज ओळखू येतो. इथं कोण बोलून राह्यलंय, कशावरून?"

नवीन जालन्यात एवढी दुकानं, पण मेलची फोनवर हजेरी घेणारा व्यापारी एकच. तो बाप म्हणून माझ्याच वाट्याला!

२३ ऑक्टोबर

हार मानली. बाबूजींचं बराबर आहे! कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता आपणच लिहायचा असतो. वाटेल तो लिहा, वाटेत कुणी तपासत नाही. खात्री करायला दुकानाच्याच खात्यावरून बाबूजींना साक्षात लक्ष्मीचा मेल केला — "धनतेरसला येते आहे. दुकान झाडून ठेवा."

बाबूजींनी आधी हात जोडले, मग माझ्याकडे रोखून बघितलं. मुनीम रामकिसनकाका दारातूनच — "ताई, लक्ष्मीचा मेल आल्ता म्हणं? मंग झाडू मारू, का न्हाई?"

बाबूजींनी कसं केलं ते दोनदा विचारलं. मग स्वतः खुर्चीत बसले. एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, सगळ्यात आधी काय लिहिलं? 'श्री'! म्हटलं, मेलला श्री लागत नाही. "श्री न्हाई तर कागद कोराच," म्हणाले. आयुष्यभर प्रत्येक चिठ्ठीवर श्री घातला, आता कॉम्प्युटरची काय बिशाद!

२५ ऑक्टोबर

अकोल्याहून मेल. (साखरपुडा झाल्यापासून त्यांचं नाव इथेसुद्धा लिहवत नाही. बी.कॉम. होऊन काय उपयोग!) मी उत्तरात त्यांच्या नव्या मिशीची यथेच्छ टिंगल केली.

जेवताना बाबूजी एकदम म्हणाले, "तू गेल्यावर मेल कोण उघडेल?" म्हटलं, तुम्ही. शिकलात की आता! हसले नाहीत. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत, पण तो विषय आम्ही काढत नाही.

२९ ऑक्टोबर

अकोल्याहून फोन. आवाज पार उतरलेला. माझ्या पत्त्यावरून त्यांच्या घरी मेल गेलाय — "मला हे लग्न करायचं नाही."

मी?!

माझ्या खात्यातल्या पाठवलेल्या मेलांत बघितलं. असं काही नाही. त्यांचा विश्वास आहे. म्हणाले, "दोन ओळींत माझी एकदाही चेष्टा नव्हती, तेव्हाच समजलो तू नाहीस." पण त्यांच्या आई, संतोषबाई, ऐकत नाहीत. म्हणतात, कुणी केलं ते धनतेरसपर्यंत सांगा, नाहीतर मुलीनेच केलं असं समजून साखरपुड्याचा नारळ परत पाठवू.

पत्ता तपासत नाहीत हे ठाऊक असून मी हसत बसले होते. मला हे लग्न हवंय! इथे तरी स्पष्ट लिहिते.

बाबूजींना सांगितलं. ताट तसंच ठेवून उठले.

३१ ऑक्टोबर

अकोल्याहून त्यांनी तो मेल मला पाठवला. उघडला.

पहिल्या ओळीत 'श्री'. खाली तेवढं एकच वाक्य.

दुकानात बाबूजी समोरच बसले होते, माझ्याकडे पाठ करून, वजनकाटा उगाच पुसत. खूप राग यायला हवा होता. आलाही. पण त्या पाठीकडे बघून रडूच फुटलं. "जाऊ नकोस" एवढं म्हणता आलं नाही, म्हणून माझ्याच तोंडी "नाही" घातलं!

कुणी केलं ते सांगितलं की माझं लग्न वाचतं. पण मुलीच्या नावाने खोटा मेल करणारा बाप — आपल्या समाजात ही गोष्ट अकोल्याहून जालन्याला यायला किती वेळ लागतो? बाबूजींना चौघांत मान वर करता येणार नाही.

१ नोव्हेंबर

संतोषबाईंना मेल केला. "तो मेल मीच लिहिला होता. चेष्टा अंगाशी आली. माफ करा." वर 'श्री' घातला. दोन्ही मेल सारखे दिसायला हवेत ना!

ज्यांच्याशी लग्न, त्यांनाही काही कळवलं नाही. लग्न गेलंच समजते. दिवसभर बाबूजींशी नेहमीसारखी बोलले. ते मात्र फोनजवळ घुटमळत होते, रिसीव्हर उचलायचे आणि ठेवायचे. मला वाटलं, कुणा पार्टीच्या मेलची हजेरी चाललीय.

२ नोव्हेंबर, धनतेरस

बाबूजी पहाटेच 'येतो' म्हणून बाहेर पडले होते. रामकिसनकाकांनी खरंच दुकान झाडून ठेवलं होतं. दुपारी फोन वाजला. संतोषबाई!

"मंजू, कालचा मेल तूच केला का?"

"हो."

"मग पहिला कुणी केला? बिलकुल खरं सांग, बेटा. मी आवाज ओळखते." आणि चक्क हसल्या. "तुझे बाबूजी सकाळच्या पहिल्या गाडीनं आलेत. माझ्यासमोर बसून रडून राह्यलेत."