तुम्ही वहिनीला नेलंत

आबा,

परवा वादळाची सूचना आली तेव्हा मी वहिनीकडेच होते. आपली चाळ पाडून लालबागच्या त्याच जागेवर जो टॉवर उभा राहिलाय, त्यात अगदी वर तिच्या मुलाचं घर आहे, आणि त्या घराला भिंती कमी न् काचाच जास्त. तिचा नातू काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारत होता आणि वहिनी खुर्चीत बसून त्याच्यावर डाफरत होती. "अरे, फुल्या बघून वारा परत जाणाराय का? फळी ठोक, फळी! आणि खालून वर लावत ये, म्हणजे पाणी आत नाही येणार." पोरगा हसला, मला म्हणाला, "आत्याआजी, बघ हिला. फुल सुतार आहे यार आपली आजी! पणजोबांनी स्वतः ट्रेन केलंय." सगळे हसले. मीही हसले. पण खोटं कशाला सांगू, हातातला चहा गोड लागेना. ऐंशी ओलांडली मी. सुताराची पोटची मुलगी मी, आणि त्या घरात सुतारकामाचं नाव निघालं की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळतात.

तुम्ही मिलच्या सुतारखात्यात होता. पण पावसाळ्यात तुमची खरी वट दादरच्या किनाऱ्यावर असायची. शिवाजी पार्कच्या पलीकडच्या, समुद्रालगतच्या त्या बंगल्यांच्या खिडक्या खाऱ्या वाऱ्यानं कुजलेल्या. एखाद्या उधाणाला तावदानं फुटायची, झडपा बिजागरीसकट निघून यायच्या, आणि मग कुणीतरी धावत आपल्या खोलीच्या दाराशी यायचं, "सुतार आहेत का?" कॉटन ग्रीनच्या गोदामांतून आणलेल्या खोक्यांच्या फळ्या तुम्ही माळ्यावर रचून ठेवलेल्या असायच्या, त्या घेऊन तुम्ही निघायचात. नवी खिडकी सवडीनं होईल, आधी आजचा वारा बाहेर ठेवला पाहिजे, असं तुमचं म्हणणं. हे काम तुम्ही दादाला शिकवायचात. दादाचं लक्ष कधीच नसायचं, त्याचा जीव सभांमध्ये. ऐकायचे मी. गॅलरीत बसून जुने वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे, एवढंच माझ्या वाट्याला होतं, पण कान तुमच्याकडे. पहिली फळी सगळ्यात खाली, तिच्यावर दुसरीची कड थोडी चढलेली, म्हणजे पाणी बाहेरच ओघळतं. चौकटीच्या सागवानात खिळा मारायचा नाही. चौकटीच्या आत दोन उभ्या पट्ट्या पाचर मारून घट्ट बसवायच्या आणि फळ्या त्यांच्यावर ठोकायच्या, कारण उद्या तीच चौकट पुन्हा वापरायची असते. तुम्ही कामावर गेलात की मी रिकाम्या खोक्यावर हे सगळं करून बघायची. एकदा तुम्ही पाहिलंत. माझ्या हातातून हातोडी काढून घेतलीत आणि हसून म्हणालात, "चेडवाच्या हातात हत्यार कित्याक?" मुलीच्या हातात हत्यार कशाला, म्हणे. रागावला असतात तर मी भांडले असते. तुम्ही हसलात, मग काय बोलणार?

मग ते चळवळीचं वर्ष आलं. आज सभा, उद्या हरताळ, आणि मुंबईसकट महाराष्ट्राशिवाय चाळीत दुसरा विषय नाही. धावपळीत, दगडफेकीत किनाऱ्यावरच्या बंगल्यांच्याही काचा फुटल्या होत्या. त्यातल्या एका मालकानं तिथं नुसते पुठ्ठे चिकटवून ठेवले. तुम्ही काच बसवायची आठवण केलीत तर म्हणाला, मुंबई कुणाला मिळते ते एकदा ठरू दे, मग बघू. तुम्ही घरी येऊन ते साभिनय सांगितलंत आणि वर म्हणालात, "दर्यो काय तोपर्यंत थांबतलो?" आम्ही किती हसलो होतो. तेव्हा दादा घरातच होता. पुढे तो सत्याग्रहात पकडला गेला आणि ठाण्याच्या तुरुंगात गेला. त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वहिनी वेंगुर्ल्याकडची, जेमतेम एकोणीस वर्षांची, मोरीत भांडी घासता घासता आवाज न करता रडायची. हत्यारांतलं तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तुमच्या पटाशीला तिनं एकदा उलथनं म्हटलं होतं.

पावसाळा निम्मा सरला असेल. अमावास्येचं उधाण, त्यात वादळी वारा. सकाळी त्याच पुठ्ठेवाल्या बंगल्याचा गडी निथळत आला. समुद्राकडच्या सगळ्या खिडक्या गेल्या होत्या, व्हरांड्याचं दार निखळलं होतं, आणि आत मालकाची आई अंथरुणाला खिळलेली, तिला हलवता येत नव्हतं. दादा पकडला गेल्यापासून मदतीला येणारा जोडीदार लावणीला गावी गेलेला, चाळीतले बाप्ये पहिल्या पाळीला. एकट्याचं काम नव्हतं ते. तुम्ही अंगानं भारी, बांबूची शिडी तुमच्याखाली वाकायची, म्हणून वर नेहमी दादा चढायचा आणि तुम्ही खालून फळी आणि शिडी दोन्ही रेटून धरायचात. आता दादा नव्हता. मला वाटलं, माझीच पाळी. शाळा गेली खड्ड्यात. परकर खोचला, खिळ्यांचा डबा उचलला आणि दारात जाऊन उभी राहिले. पंधराची होते, काटक होते, सगळं येत होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणालात, "सुने, तू चल माझ्यावांगडा."

आई म्हणाली, "अहो, नवी सून ती! लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या खिडक्यो फुटल्यो आसत. लोक आता काय म्हणतले?"

"आबा, मला येतं. मी चलते ना," मी म्हटलं.

"तू घराक ऱ्हव." आणि माझ्या हातातला डबा घेऊन तुम्ही तो वहिनीच्या हातात दिलात. फळ्या हातगाडीवर चढवल्या आणि भर पावसात तुम्ही दोघं गाडीमागून चालत निघालात. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता, हे मला आत्ता आठवतं. तेव्हा मला फक्त डबा दिसत होता. मी गॅलरीच्या कठड्याला धरून तुम्ही वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले.

दुपारी आईनं जेवण बांधून मला तिकडे पाठवलं. आजही तो व्हरांडा माझ्या डोळ्यांसमोर आहे. समुद्र कुंपणाची भिंत ओलांडून आत येतोय, फरशीवर वाळू, शेवाळ, कुणाची तरी चप्पल. तुम्ही खांद्यानं शिडी दाबून धरलीय, दोन्ही हातांनी फळी वाऱ्याविरुद्ध रेटताय, आणि वर, साडीचा कासोटा मारून, ओठांत खिळे धरून वहिनी. तिचा पहिला घाव फळीवर, दुसरा खिळ्याच्या कडेला, तिसरा बरोबर डोक्यावर. आणि तुम्ही ओरडताय, "हां, तसोच! शाब्बास, सुने, शाब्बास!"

शाब्बास! मी वर्गात पहिली आले तेव्हा तुम्ही "बरा झाला" म्हणाला होतात आणि पेपरात डोकं घातलं होतंत. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ती जेवायला खाली उतरली, तुम्ही हात धुवायला वळलात, आणि मी हातोडी उचलून शिडीवर चढले. काही पायऱ्याच चढले असेन. तुम्ही असे गरजलात की आतला गडी बाहेर धावत आला. "खाली उतर! पुन्हा पाय ठेवशीत तर तंगडी मोडीन!" मालक, गडी, सगळ्यांसमोर. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि चढवलात तो असा, जिच्या तोंडात अजून लोखंडाची चव असेल तिच्यादेखत. ती मान खाली घालून डब्यातली भाकरी मोडत होती. मला वाटलं, हसतेय.

काम संपवून दोघं घरी परत आलात तेव्हा वहिनीच्या बोटाला चिंधी होती. फळी आणि चौकट यांच्यात बोट सापडलं होतं. नख गेलं, आणि पुढं ते पेर कायमचं वाकडंच राहिलं. रोज संध्याकाळी तुम्ही स्वतः तेलात हळद गरम करून तिच्या बोटाला लावायचात. तिला कळ आली की डोळे तुम्ही मिटायचात. आई कौतुकानं बघायची आणि मी भिंतीकडे तोंड करून अभ्यासाचं नाटक करायची. मला त्या चिंधीचाही हेवा वाटत होता. माझी सगळी बोटं धड होती आणि तुम्हाला त्यांचा काही उपयोग नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दादा सुटून आला. चाळीनं त्याला हारांनी झाकून टाकलं, मुलं खांद्यावर घेऊन नाचली. मी मात्र आत तुमच्या हत्यारांसमोर बसले होते. हत्यारांना हळदकुंकू लावून झेंडूची फुलं वाहायचं काम लहानपणापासून माझं. तुम्ही आलात आणि म्हणालात, "औंदा सुनेक करू दे." तिनं पूजा केली. मग तुम्ही नवा दांडा बसवलेली छोटी हातोडी तिच्या हातात ठेवलीत. तिची झाली ती, कायमची. बाहेर माझ्या भावाच्या नावाचा जयजयकार चालला होता आणि मी दात-ओठ खात ताटात सांडलेलं कुंकू पुसत होते.

पुढे राज्य मिळालं, चाळीत दिवे लागले. मी शिकले, शाळेत नोकरी केली, लग्न होऊन माटुंग्याला गेले. तुम्ही गेलात. वहिनी मात्र दर पावसाळ्यात चाळभर कुणाची ना कुणाची झडप ठोकत फिरायची. लोक हक्कानं हाक मारायचे, "वहिनी, जरा बघता का?" माझ्या घरी बिजागरी ढिली झाली तर मी सुतार बोलवायची आणि त्याच्या डोक्यावर उभी राहून चुका काढायची. तुमचे जावई म्हणायचे, "एवढं कळतं तर तूच कर की." नाही केलं. कधीच नाही. तुम्ही नको म्हणाला होतात ना, मग नकोच. तुम्ही नव्हता, तरी मी तुमच्यावर रुसून बसले होते. लोक कैरी मुरवतात, मी हे मुरवलं.

तर परवा. वारा आपल्याला चुकवून पुढे निघून गेला, मुलं आपापल्या खोल्यांत गेली आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या हॉलमध्ये उरलो. कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "वहिनी, त्या उधाणाला आबांनी तुलाच का गं नेलं?"

कुठलं उधाण, असं तिनं विचारलं नाही. मग म्हणाली, "वन्सं, हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. हातगाडीमागून चालताना मी रडत होते. मला उंचीची भीती, माहेरी विहिरीत वाकूनसुद्धा बघायची नाही मी. मामंजींना म्हटलं, वन्संना न्या की, त्यांना सगळं येतं, मला हातोडी कुठं धरायची ते कळत नाही. तर म्हणाले," आणि तिनं अगदी तुमच्या आवाजात म्हटलं, "'ठावक आसा माका. माझ्या पोरापरास तिचो हात बरो. पन ता माझा चेडू. पडला तर मी काय करू?'"

मी हातातला कप खाली ठेवला.

"मग मी चढले," ती म्हणाली. "वर गेल्यावर एकच यायचं मनात, मी पडले तर माझ्या बापानं काय करायचं? शाब्बास म्हणायचे, हळद लावायचे, ते सगळं मला कळत होतं, वन्सं. माणूस चांगलं होतं. पण शिडीवर मला चढवलं आणि तुम्ही पाय ठेवलात तर केवढे ओरडले! मी भाकरी मोडत होते आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी डब्यात पडत होतं. जन्मभर जळले मी तुमच्यावर."

"मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"का सांगू? बाप तुमचा होता. वर हेपण देऊ?"

मग तिनं उठून पुन्हा चहा टाकला आणि नातवाच्या लग्नाचं बोलायला लागली.

घरी येऊन मी रडले. दुसरी कुणी असती तर बापाच्या मायेनं भरून आलं असतं तिला. मला आधी तुमचा राग आला. आपल्या लेकीला जपायचं म्हणून दुसऱ्याची लेक वर चढवलीत, आणि जिला जपलंत तिला विचारलंत का, तुला जपून घ्यायचंय का म्हणून? मी पडले असते तर पडले असते. वहिनीबद्दल वाईट वाटलं, ते मागाहून, पण खरंच वाटलं. उद्या तिला फोन करीन.

हे पत्र तिला वाचून दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत पोचवायची काही सोय नाही, म्हणजे ते इथेच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. माझा हात चांगला आहे, असं तुम्ही एकदा म्हणालात, आबा. ते तुम्ही पावसात चालता चालता वहिनीला सांगितलंत. एवढं सगळं कळूनही, तिनं ते तुमच्या तोंडून ऐकलं याचा मला अजून हेवा वाटतो.