बोटीच्या नाकावरचं वजन

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय श्रीशैल,

तुझे फोन मी उचलत नाही, कारण फोनवर तू दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, एवढ्याचसाठी कागद घेऊन बसलेय. मी आक्काकडे आहे हे तुला ठाऊक आहेच. डावा हात गळ्यात बांधलाय, खांद्याचं हाड जुळतंय असं डॉक्टर म्हणतात. वेणी आक्का घालते आणि घालता घालता तुझा उद्धार करते. मी तिला थांबवत नाही. तुझी बोट कशी आहे हे विचारणार होते, पण तिला साधा ओरखडाही आलेला नाही हे जोतीरामनं आधीच कळवलं. तुझ्या दुकानात काम करून करून त्यालाही माणसाआधी बोटीची खुशाली सांगायची सवय लागलीय.

ही बोट आली तेव्हा मीच सगळ्यात जास्त नाचले होते, हे कबूल करते. गोव्यात पर्यटकांना फिरवून फिरवून थकलेली बोट तू उसाच्या ट्रॉलीवर घालून शिरोळला आणलीस आणि अख्खा गाव नदीवर लोटला. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या माणसाला बोट कशाला हवी, असं माझे अप्पा पुटपुटले होते, तर मी तुझ्या बाजूनं त्यांच्याशी भांडले. बंधाऱ्याच्या वर तुंबलेल्या त्या शांत पाण्यावर तू मला पहिली फेरी मारून आणलीस. बोटीवर माझं नाव रंगवलंस. मामाची मुलगी म्हणून तुझ्याशी माझं नाव मी पाळण्यात असल्यापासून जोडलेलं. त्यात तुझं काय कर्तृत्व? पण ते नाव तू स्वतःच्या हातानं बोटीवर काढलंस तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, की हा मला नात्यानं नाही, मनानं मागतोय. किती खुळी होते मी.

मग पलीकडच्या काठाच्या राजवर्धननं त्याची नवी बोट तुझ्या शेजारून नेली, तुझ्या तोंडावर पाणी उडवलं आणि हात हलवून गेला. त्या दिवसापासून तू माणसातून उठलास. ताशी सत्तर किलोमीटरचा आकडा त्याच्या बोटीचा, तर तुझ्या बोटीला त्याच्या वर जायलाच हवं. बोटीच्या पोटाला चिकटलेलं शेवाळ खरवडलंस, घासून आरसा केलास, इथवर ठीक होतं. बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा बदललास. इंजिन मागच्या फळीवर दोन भोकं वर चढवलंस. मग वजनाच्या मागे लागलास. गाद्या गेल्या, छत गेलं, नांगर गेला. मागची छोटी शिडी काढलीस तेव्हा मी विचारलं होतं, की पाण्यात पडलेला माणूस वर कसा यायचा? तू म्हणालास, "पडायचंच कशाला?" आणि जोतीराम फिदीफिदी हसला. तुला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एवढं करून बोट पळायला लागली, पण बेडकासारख्या उड्या मारत. नाक वर, नाक खाली. नाकावर वजन ठेवलं की ती शांत होते, हे तुला सिमेंटचं पोतं ठेवून कळलं. पण शेवटच्या टप्प्यात नाक पुन्हा हलकं करायला तेच वजन मागे सरकायला हवं. त्या वेळचं तुझं बोलणं मला अजून आठवतं, "पोत्याला सरक म्हणून सांगता येत न्हाय." जोतीराम बसला तर नव्वद किलो. मग तू माझ्याकडे बघितलंस. त्या नजरेचा अर्थ मी चुकीचा लावला, श्रीशैल. दुकानातल्या वजनकाट्यावर तू मला गिऱ्हाइकांसमोर उभं केलंस, मी लाजले. "पवी, जरा कमी जेव की," म्हणालास, मला वाटलं लग्नातल्या फोटोंसाठी म्हणतोयस. रात्रीची भाकरी मी अर्ध्यावर आणली. भाजी वाढताना अव्वा आईच्या काळजीनं बघायची आणि मी तिला सांगायची, त्याला आवडतं. तुला माझं वजन हवं होतं, ते बरोबर पोत्याएवढं.

त्या दिवशी काठावर तुझी सगळी मित्रमंडळी होती. राजवर्धनही होता, खुर्ची टाकून. मी तरंगायचं जाकीट मागितलं तर म्हणालास, "जाकिटात वारं भरतंय, आन् तुला पवायला येतंय की!" माझं पोहणं तू माझ्याच विरुद्ध वापरलंस. मी नाकावर पोट टेकून, पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून पडून होते. वारा इतका की डोळे उघडता येईनात. मागून तू ओरडलास, "सरक मागं!" सरकायचं तर दांडी सोडायला हवी. मी सोडली. बोटीनं उडी घेतली आणि मी बाजूला फेकले गेले. वेगात पाणी पाण्यासारखं लागत नाही, फरशीसारखं लागतं. खांदा तिथेच गेला.

आता जे लिहितेय ते नीट वाच. बुडी मारलेल्या माणसाला पाण्याखाली मोटारीचा आवाज फार स्पष्ट ऐकू येतो. तू लहानपणी मला हे शिकवलंस, पाण्यात डोकं घालून लांबची नाव ओळखायला. मी खाली गेले आणि वाट बघितली, आवाज आता उतरेल. तो चढला. वर आले, एका हातानं पाणी मारत राहिले आणि तुझ्या बोटीची पाठ बघत राहिले. तिच्यावर माझं नाव होतं आणि ते लहान लहान होत गेलं. जिथं वेग मोजणं संपतं त्या बंधाऱ्याजवळच्या खांबापर्यंत तू गेलास, मग वळलास. आल्यावर मला वर घ्यायला शिडी नव्हती. तू दुखरा हात धरून ओढलास. मी किंचाळले, तर म्हणालास, ओरडू नको, माणसं बघतायत.

तरीही मी तुझी बाजू घेत होते. पंखा मला लागेल या भीतीनं वळला नसेल, गडबडला असेल, असं स्वतःला सांगत होते. दवाखान्यात तू खाटेशेजारी बसलास, माझा चांगला हात हातात घेतलास. तुझे डोळे चमकत होते. मला वाटलं, रडतोयस. आणि तू म्हणालास, "पवी, तू पडलीस आन् काटा पंच्याहत्तरला गेला बघ!" एवढं आनंदी मी तुला आपली सोयरीक ठरली तेव्हाही पाहिलं नव्हतं. तुला त्यात काही वावगं वाटलं नाही. तू मला बातमी दिलीस, जशी माझ्यासाठीही ती आनंदाचीच असावी.

घरी मी अजून कुणाला काही बोललेले नाही. आत्या येऊन रडून गेली. म्हणाली, "पोरगं लई घाबरलंय गं, तू पडल्या पडल्या मोटार बंद केली म्हणतंय." आत्याला आपला तो बाब्या, तिचा दोष नाही. अप्पा म्हणाले, "श्रीशैल काय परका न्हाय, घरचाच हाय. सांभाळून घे." घरच्या माणसानं पाण्यात सोडलं तर ते सोडणं होत नाही, असा हिशेब असावा. तिकडे राजवर्धनला मात्र तू वेगळंच सांगितलंस. पवी पडली, बोट हलकी झाली आणि पंच्याहत्तर गेली, असं मांडीवर थाप मारून सांगितलंस. त्यानं हार मान्य केली. जोतीराम हे मला कौतुकानं सांगत होता.

काल आत्याचा फोन आला. रविवारी तुम्ही सगळे आमच्या घरी सुपारी फोडायला येणार, तुझा नवा जिवलग म्हणून राजवर्धनही सोबत येणार. म्हणून हे पत्र. तुला अडवायला नाही, तू तयारीनं यावंस म्हणून. एका बाजूला आत्या बसलेली असेल, दुसऱ्या बाजूला राजवर्धन, आणि मी सगळ्यांसमोर एकच विचारणार आहे: मी पडले तेव्हा तू मोटार बंद केलीस का? हो म्हणालास तर पंच्याहत्तर खोटे, राजवर्धन तिथेच हसेल. नाही म्हणालास तर आत्याला कळेल तिचा मुलगा काय आहे, आणि अप्पा सुपारी खिशात घालून उठतील. बायको ठेवायची की आकडा, ते तूच ठरव. तू काय ठरवशील हे मला माहीत आहे, म्हणून अव्वाला मी रविवारचा फक्त चहा सांगितलाय, स्वयंपाक नाही.

तुझ्या मामाची मुलगी,
पवित्रा