तक्रार आलेली नाही

नाना, मागच्या आठवड्यात पुण्याच्या ऑफिसात मी तुमचं वाक्य ऐकलं. बोलणारा माणूस तुम्हाला ओळखत नव्हता. तो माझा वरिष्ठ आहे, माझ्यापेक्षा थोडाच मोठा, आणि टेलिफोन एक्स्चेंज आतून कसं दिसतं हे त्याने बहुधा पाहिलेलंही नाही. माझं बोलणं पूर्ण ऐकून घेऊन त्याने शांतपणे विचारलं, "तक्रार आली आहे का एक तरी?" मी म्हटलं, नाही. "मग चालू आहे," तो म्हणाला. तुमच्यासारखाच, पेनाचं टोपण लावता लावता.

हे वाक्य मी पहिल्यांदा नरडाण्याला ऐकलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला पॅसेंजरने तुमच्या एक्स्चेंजला न्यायचात. चपला बाहेर काढायच्या, कारण धुळीने यंत्रांतली कार्डं खराब होतात. आत थंडगार, सगळी यंत्रं एकाच सुरात गुणगुणताहेत, आणि त्यांच्यामध्ये तुम्ही. बाहेर कुणाला नसेल एवढा मान तुम्हाला तिथे आहे असं मला वाटतं. लाइनमन काका दारात उभे आहेत. वादळात एका गावाकडचे खांब वाकलेत असं त्यांनी येताना पाहिलंय, जाऊन बघू का, असं ते विचारतात. तुम्ही मान वर करत नाही. तक्रार आली का? नाही ना? मग लाइन चालू. मी स्टुलावर बसून पाय हलवत विचारते, "नाना, ज्याचा फोन बंद आहे तो तक्रार कुठल्या फोनवरून करणार?" काका हसले आणि म्हणाले, साहेब, पोरगी इन्स्पेक्शनला आली वाटतं. तुम्ही हसला नाहीत. चार लोकांत उलट बोलायचं नाही, एवढंच म्हणालात. परतीच्या गाडीत अमळनेरला तुम्ही नेहमी भजी घ्यायचात. त्या दिवशी भजीवाला खिडकीशी थांबला, पुढे गेला, आणि तुम्ही वर्तमानपत्र वाचत राहिलात. माझा प्रश्न चुकीचा होता असं मात्र तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. म्हणजे तो बरोबर आहे हे तुम्हाला कळलं होतं. मला राग त्याचा आहे.

घरीही नियम तोच होता. जळगावात मेहरूणच्या घरात फोन बाहेरच्या खोलीत होता आणि आई स्वयंपाकघरात. तो वाजायचा, वाजत राहायचा, आणि तुम्ही पलंगावरून ओरडायचात, "बहिरी झालीस का?" आई पिठाचे हात पदराला पुसत यायची, भांडी वाजत होती म्हणायची, आणि रिसीव्हर उजव्या कानाला लावायची. नेहमी उजव्याच. डाव्या हाताशी फोन असला तरी हात वळवून उजव्या. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजाच्या वाटा दुरुस्त केल्यात आणि हे तुम्हाला दिसलं नाही. कधीमधी विचारायचात, बरं आहे ना? ती शिंदखेड्याकडची, तिचं उत्तर ठरलेलं, "बठ्ठं ठीक शे." सगळं ठीक आहे. तुमचं समाधान व्हायचं. तुम्ही गेल्यानंतर मी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डावा कान फार पूर्वीच गेला होता. वेळेवर दाखवलं असतं तर कदाचित वाचला असता, डॉक्टर म्हणाले. ती त्यांच्यासमोरही हेच म्हणत बसली होती, बठ्ठं ठीक शे. तुमच्या स्वतःच्या छातीचीही तक्रार आली नव्हती, नाना. तुम्ही निदान नियम सर्वांना सारखा लावलात.

आता माझं काम सांगते, कारण तुम्ही ते विचारलं असतं. पुढच्या पिढीच्या मोबाइल नेटवर्कमध्ये निर्णय माणूस घेत नाही. कोणता टॉवर कधी जागा ठेवायचा, कधी झोपवायचा, शेजारच्याने त्याचा भाग कधी सांभाळायचा, हे शिकवलेलं मॉडेल ठरवतं. ते फोनांकडून येणाऱ्या नोंदींवरून शिकतं. विजेची बचत होते, आणि ती खरी आहे, मी मोजली आहे. आमची चाचणी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत होती. चोपड्याकडे, तापीकाठच्या एका गावात, मॉडेलने कालव्याजवळचा टॉवर दुपारी झोपवायला सुरुवात केली. दुपारी तिथे फोन फारसे नसतात आणि शेजारच्या टॉवरचा सिग्नल रस्त्यावर चांगला मिळतो. आठवड्यागणिक तिथली मागणी कमी होत गेली आणि मॉडेलची खात्री वाढत गेली. आलेख इतका स्वच्छ होता की मला तो खोटा वाटला. म्हणून मी गेले.

सिग्नल मोजणारी आमची गाडी रस्त्यावरून फिरली होती. केळीच्या बागेत गाडी शिरत नाही. रस्त्यावर भरपूर असलेला सिग्नल बागेत चार ओळी आत गेलं की नाहीसा होतो, कारण केळीचं पान म्हणजे पाणीच, आणि शेजारच्या टॉवरच्या लहरी ते पिऊन टाकतं. बायका त्या बागांत पिलं कापायला जातात, केळीच्या बुडाशी फुटलेले जादा कोंब. एका दुपारी एका बाईच्या पायात तिथे विळा गेला होता. बरोबरच्या दोघींपैकी एक फोन लावत राहिली. फोन लागला नाही. मग दोघींनी तिला धरून रस्त्यापर्यंत आणलं, आणि तोवर फार रक्त गेलं होतं. ती वाचली. पाऊल वळत नाही, बागेत जाता येत नाही. ती ओट्यावर बसून मला हे सांगत होती तेव्हा मी विचारलं, आता बागेत जाणाऱ्या बायका फोन नेतात का. "तठे फोन लागत नही ताई, मंग कसाले लई जावा? पडना तं चिखलमा जास." फोन लागत नाही म्हणून त्या फोन घरी ठेवतात. फोन घरी म्हणून बागेतून नोंद येत नाही. नोंद नाही म्हणून मॉडेल म्हणतं, इथे कुणाला गरज नाही. मग तिने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून विचारलं, "तुमना टावर बी दुपारले जपस का?" आमचा टॉवरही दुपारी झोपतो का, असं. ती टोमणा मारत होती. मी खरं उत्तर दिलं. हो म्हटलं.

इंजिनिअरिंगला गेले तेव्हा तुम्ही मला पिवळा मल्टिमीटर दिला होता आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही असं बजावलं होतं. म्हणून मी मोजलं. भर दुपारी, ओळीओळीने, पानांचा चीक कपड्यांवर घेऊन. मोजमापं बैठकीत ठेवली आणि सांगितलं की शांतता म्हणजे गरज नसणं असं आपण मॉडेलला शिकवलंय, हे संपूर्ण खानदेशात लावण्याआधी बदलावं लागेल, तोवर मी मान्यतेची सही करणार नाही. त्यावर माझ्या वरिष्ठाने तुमचा प्रश्न विचारला. मी माझा विचारला, स्टुलावर बसून विचारलेला तोच. दोघे-तिघे हसले, लाइनमन काकांसारखे. शेवटी ठरलं ते असं: तेवढा एक टॉवर अपवाद म्हणून दुपारी जागा राहील, बाकी ठरल्याप्रमाणे. जणू केळी त्या एकाच गावात लावतात. मी सही केलेली नाही. ती दुसऱ्या कुणाकडून घेतील, मला माहीत आहे. तोपर्यंत तो कागद माझ्याकडे आहे आणि मी तो परत करत नाहीये.

हे मी मेहरूणच्या घरी बसून लिहिते आहे. आई आत पोळ्या करते आहे. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन विचारलं, बरं आहे ना? तिने तेच उत्तर दिलं. या वेळी मी बाहेर आले नाही, तिथेच उभी राहिले. एक पोळी भाजून झाल्यावर ती म्हणाली, गुडघा दुखतो, फार दिवसांपासून.

हे तिच्या हाती लागू नये म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. त्याआधी एक सांगते. त्या बैठकीत तो माणूस ते वाक्य बोलला तेव्हा राग नंतर आला. आधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्याशी तुमच्यासारखं बोललं होतं.