चांदीच्या नळीचं टोक

आई,
मी कामावर चालले, सहापर्यंत येते. मायक्रोवेव्हच्या दारावरचा 'आईने हात लावू नये' हा कागद मी फाडून टाकलाय. दुरुस्तीवाल्याने काल मायक्रोवेव्ह नीट तपासून दिला. मसुराच्या गिसोचा रस्सा काचेच्या वाडग्यात काढ, वर ताटली ठेव आणि दोन मिनिटं लाव. ताटली पलीकडच्या बाजूने उचल, वाफ भसकन येते. मग ढवळून खा.

गुरुवारी ठिणग्या उडाल्या त्या माझ्यामुळे. येर्बाचा चहा थंड झाला होता, म्हणून मी त्याचं भोपळ्याचं भांडं चहा ओढून प्यायच्या नळीसकट आत ठेवलं. बाबांची चांदीची नळी. आपल्या घरात थंड येर्बा कुणी पुन्हा गरम करत नाही, म्हणून सांगायचीच लाज वाटली. मग रूबेनदादाला म्हटलं, "म्हातारीनेच काहीतरी फॉइलसकट ठेवलं असणार, दुसरं कोण?" तू ते ऐकलंस आणि तेव्हापासून गारढोण जेवतेयस.

मला वाटलं, कुणाला कळलं नाही. आज सकाळी नळी शोधली, तर तिचं काळं पडलेलं टोक राखेने घासून लख्ख केलेलं होतं.

या घरात राखेने घासणारी तू एकटीच आहेस, आई.

मिरेया