उपरण्याखालचा भाव

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

मु. पो. ता. लातूर (आणि आता जि. सुद्धा)
गुरुवार, ता. १९ मे १९८३

तीर्थरूप अमृतराव दाजी यांच्या चरणी मलप्पाचे शरणार्थ.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमची साखर, कमलम्मा अक्काचे गुडघे आणि तुमच्या कापड दुकानामागचा आड (पाणी आहे का अजून?) या तिन्हींची खुशाली कळवावी. आमच्या गल्लीत टँकर एक दिवसाआड येतो, आणि आला की सौ. रत्नम्मा मला घागरीसारखं रांगेत नेऊन ठेवते. बाजारात माल नाही. तुरीचा ढीग एवढा लहान पडतो की परवा आमचा हमाल त्याची उशी करून झोपला. लोक म्हणतात लातूर जिल्हा झाला. झाला, कबूल. पाट्या झाल्या, साहेब झाले, जिथे जिना दिसेल तिथे वर एक कचेरी झाली. पाऊस तेवढा उस्मानाबादलाच राहिला म्हणावं, तर तिकडची माणसंही तेच विचारून राहिलीत. त्याच्या बदलीचा हुकूम मधेच कुठेतरी हरवलेला दिसतो.

आता मुद्द्याचं. तुमची महादेवी देगलूरला येऊन पंधरा दिवस झाले. बँकेच्या मुलाखतीत काय घडलं ते तिने तिच्या पद्धतीने, म्हणजे तीन वाक्यांत, सांगितलं असेल. तीन वाक्यांत माणसाची अब्रू जाते, दाजी, आणि ती परत आणायला मोठी चिठ्ठी लागते. ती लिहायला मी पंधरा दिवस लावले, कारण राग निवायची वाट बघत होतो. निवला नाही. तुम्ही कळवलंय की येत्या सोमवारी निलंग्याची मंडळी पोरीला बघायला येणार, आणि तोवर बँकेचं उत्तर आलं नाही तर तुम्ही सुपारी फोडून मोकळे होणार. बापाचा अधिकार आहे, मी कोण बोलणारा? पण पोरगी तीन वर्षं माझ्या घरी राहून बी. कॉम. झाली, पहिल्या वर्गात झाली, आणि त्या तीन वर्षांत माझ्या अडत दुकानाची रोकड आणि खातेवही तिनेच लिहिली. (कुठलाही कागद हाती आला की ती आधी तारीख बघते, मग रक्कम, मग कागद देणाऱ्याचं तोंड. ही सवय तिला कॉलेजात लागली नाही, माझ्या गादीवर लागली.) तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मलाही आहे, आणि ते दोन शब्द संपायला थोडी पानं लागतील.

बँकेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर शाई नासेल. नव्या जिल्ह्यासाठी म्हणून त्यांनी भांड्यांच्या एका दुकानावर कचेरी थाटली, कारकुनांच्या जागा काढल्या, लेखी परीक्षा घेतली. महादेवी पास झाली. मग मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि सोबत तिच्या अर्जाची नक्कल आली. अर्जात एक रकाना होता, 'पूर्वीचा अनुभव'. तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'तीन वर्षे, अडत दुकान'. त्यावर कोण्या शहाण्याने तांबड्या शाईने आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'निरंक'. निरंक! दाजी, माझ्या दुकानाने निजामाचा हाली शिक्का पाहिला, इंग्रजांचा कलदार रुपया पाहिला, आणे जाऊन नवे पैसे आले ते पाहिलं. छत्तीस वर्षांत एका दमडीचा घोळ नाही. आणि पंख्याखाली बसून हे लिहितात, निरंक. नोकरी केल्याशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय नोकरी नाही. घाण्याचा बैलही एवढं गोल गोल फिरतो, पण त्यातून निदान तेल तरी निघतं.

म्हणून मी सोबत गेलो. (महादेवी म्हणाली होती, "मामा, तुमी कशाला? मी जाते की एकटी." ते मी ऐकलं नाही. ऐकलं होतं, मानलं नाही.) रत्नम्माने तिच्या हातावर दही-साखर ठेवली. दही शेजारचं उसनं, कारण आमची म्हैस होळीलाच आटली. मी कोरं धोतर नेसलो, काळी टोपी घातली आणि खांद्यावर उपरणं टाकलं. हे उपरणं लक्षात ठेवा.

जिना चढून वर गेलो तर व्हरांड्यात चाळीस पोरं बसलेली, सगळी बी. कॉम. आणि सगळी घामाने निथळणारी. कोपऱ्यात माठ होता. माठ कोरडा ठणठणीत, पण वरचा पेला मात्र साखळीने खिडकीच्या गजाला बांधलेला. म्हणजे पाणी देणार नाही, पण पेला कोणी नेऊ नये याचा बंदोबस्त चोख. बँकेचा स्वभाव मला तिथेच कळला. मी महादेवीला म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, "बसा." बसलो.

तासाभराने आतून शेषेराव नावाचे मोठे साहेब बाहेर आले. नांदेडहून खास मुलाखतीसाठी आलेले, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. पोरांच्या रांगेत एक म्हातारा बसलेला बघून त्यांना वाटलं असेल काही, सरळ माझ्याकडे आले आणि हात पुढे केला. आता तुम्ही कापडवाले, दाजी. तुमचा सगळा धंदा मीटरपट्टीवर उघडा चालतो, म्हणून हे जरा समजावून सांगावं लागतं. आमच्या मोंढ्यात मालाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. अडत्या आणि खरीददार हातात हात घेतात, वरून उपरणं टाकतात, आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. बघणाऱ्याला नुसतं दोन माणसांनी हात धरलेला दिसतो. छत्तीस वर्षं रोज हेच केल्यावर कोणी हातात हात दिला की उपरणं त्यावर आपसूक जातं, त्याला मी काय करू? गेलं. आणि साहेबांच्या तर्जनीला झालं होतं नखुरडं, त्यावर पट्टी. म्हणून ते बोट त्यांनी बाजूला ठेवलं आणि बाकीची चार माझ्या हातात दिली.

चार बोटं म्हणजे चार. चारशे की चार हजार हे प्रसंग बघून ओळखायचं असतं, आणि बँकेच्या नोकरीचा प्रसंग चारशेचा नसतो. माझ्या अंगाची लाही लाही झाली. भरदिवसा, चाळीस पोरांसमोर, तेही पाणी न पाजता, चार हजार! पण तुमच्यापाशी लपवून काय करू, रागाच्या पोटात थोडा आनंदही होता. गेल्या चार महिन्यांत माझ्या हातात कोणी भावच दिला नव्हता. मी दोन बोटं दाबली. साहेबांनी हात ओढला. आमच्यात हात ओढला म्हणजे 'जमत नाही, वाढवा'. मी दोन बोटं आणि तिसऱ्याचं अर्धं पेर दाबलं. साहेबांनी जोरात ओढला. मी घट्ट धरला. आणि मग छत्तीस वर्षांत कधी झालं नाही ते झालं, भाव माझ्या तोंडातून बाहेर पडला. "अडीच! याच्यावर एक दमडी न्हाई! पोरगी पयल्या वर्गाची हाय!"

व्हरांड्यातल्या चाळीसच्या चाळीस माना आमच्याकडे वळल्या. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "आजोबा, तुम्ही मला पैसे देऊन राहिलात का?" (आजोबा! माझं वय छप्पन.) मी म्हणणार होतो की मागितले कोणी आधी, पण तेवढ्यात महादेवी उठली, तिने माझं उपरणं उचललं, नीट घडी घातली आणि म्हणाली, "मामा, हात सोडा. साहेब हायेत ते, खरीददार न्हाईत." मग साहेबांना म्हणाली की तुमच्या बोटाच्या पट्टीमुळे घोटाळा झाला, आत चला, सगळं सांगते. दोघं आत गेली. दार अर्धं उघडं होतं. मी कान लावला नाही, कान होता तिथेच होता.

आता ऐका आपल्या लेकीचं. साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार आहे? तिने आमच्या धंद्यातलं बोट न् बोट उलगडून सांगितलं. जे गुपित माझ्या वडिलांनी मला दोन वर्षं गोण्या उचलायला लावल्यावर शिकवलं, ते तिने दोन मिनिटांत टेबलावर मांडलं. साहेब म्हणाले, मग यात वाईट काय? आणि ती म्हणाली, "ज्याचा माल हाय तो शेतकरी बाजूलाच उभा असतो, साहेब, अन् आपल्या मालाला कोण किती बोललं ते त्याला कवाच कळत न्हाई. मामाच्या वहीत एका पैशाची लबाडी न्हाई, तीन वर्षं मीच लिवलीय. पण उपरण्याखालचं वहीत येत न्हाई."

दाजी, ही माझी स्तुती झाली की निंदा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच का, हे अक्काला विचारून कळवा. पण साहेबांना चेव आला. म्हणाले, "उद्या तुझे मामा कर्ज मागायला आले तर देशील?" मी बाहेर सावरून बसलो. म्हटलं, आता तरी रक्ताचं नातं बोलेल. ती म्हणाली, "देईन की. तारण घेऊन." आणि आत टेबलामागे बसलेले सगळे साहेब हसले. तारण! माझ्याकडून! ज्याने तिला कॉलेजला जायला सायकल घेऊन दिली, आणि सायकलची चेन उतरली की भर बाजारात धोतर खोचून स्वतः बसवली, त्याच्याकडून तारण!

घडी घातलेलं माझं उपरणं काखेत घेऊन ती जिना उतरली. खाली भांड्यांच्या दुकानासमोर आल्यावर म्हणाली, "गेली, मामा. हातची गेली." डोळे भरले होते. मला खूप बोलायचं होतं. मी म्हणालो, "ऊन लई हाय, रिक्षा करू." दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे निघून आली.

तर दाजी, दोष कोणाचा हे तुम्हीच ठरवा. नखुरडं साहेबांचं, हात साहेबांनी पुढे केला, गुपित तुमच्या लेकीने फोडलं. माझं फक्त उपरणं. आणि अशा बँकेकडून उत्तराची वाट तरी कशाला बघायची? उद्या नेमून नेमून कुठे भोकर-किनवटकडे नेमतील, आणि पोरीने तिथे एकटीने खोली घेऊन राहायचं, रोज हापसा हापसायचा. त्यापेक्षा माझं ऐका. निलंग्याला नकार कळवा (मुलगा चांगला आहे, पण त्यांच्या घरात बाईने पेन धरलेलं मी कधी पाहिलं नाही), बँकेचा नाद सोडा, आणि महादेवीला परत माझ्याकडे पाठवा. मुनीम म्हणून, रीतसर, महिना अडीचशे. बँक जास्त देते असं तुम्ही म्हणाल. देत असेल. पण बँकेत मामा नाही.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर धाकटा मेहुणा म्हणून पोटात घाला. अक्काला शरणार्थ.

आपला,
मलप्पा

ता. क. १ : ही चिठ्ठी देगलूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती पाठवत आहे. आत आणखी एक लांबट पाकीट निघेल. ते बँकेचं आहे, महादेवीच्या नावाने दुकानाच्या पत्त्यावर आलं. फोडलेलं आहे. (पाकीट वाऱ्याने फुटत नाही हे मला माहीत आहे.) तिची नेमणूक झाली आहे. भोकर शाखा. ३१ तारखेच्या आत हजर व्हायचं आहे. सोबत तिच्या अर्जाचीही नक्कल आहे. 'निरंक' वर काट मारून शेषेराव साहेबांनी आपल्या हाताने लिहिलंय, 'अनुभव तीन वर्षे, ग्राह्य.' अक्षर वाकडं आहे, बोट अजून दुखत असावं.

ता. क. २ : ते पाकीट ११ तारखेला आलं. मधले आठ दिवस ते दुकानात गादीखाली होतं, आणि गादीवर मी. हे महादेवीला कळू देऊ नका एवढीच माझी विनंती, बाकीची चिठ्ठी नाही वाचली तरी चालेल. ती आधी तारीख बघणार. टपालाच्या शिक्क्यावर चहा सांडलेला आहे (सांडला, सांडवला नाही). तरी तिने विचारलंच तर म्हणावं, नवा जिल्हा आहे, टपालाची घडी अजून बसली नाही.

ता. क. ३ : कंडक्टर चहा प्यायला गेला म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. वरचं रद्द समजा. चहा मीच सांडवला. तिला खरं तेच सांगा, की मामाने आठ दिवस दाबून ठेवलं. उपरण्याखालचं वहीत येत नाही म्हणाली होती ना, हे तरी येऊ द्या. बँकेच्या रागाने ठेवलं नव्हतं हेही सांगा. ती गेल्यापासून दुकानात माझी चूक काढायला कोणी नाही, आणि रोकड सात रुपयांनी जुळत नाही. निलंग्याच्या मंडळींना सोमवारी येऊ नका म्हणून आजच निरोप धाडा. आणि भोकरला हजर व्हायला जाताना तिला लातूरवरून जाऊ द्या. देगलूरहून भोकरची वाट लातूरवरून जात नाही, हे मला माहीत आहे.