उलट प्रदक्षिणा

॥ श्री ॥
औरंगाबाद, ता. ४ ऑक्टोबर १९८८

चि. केशव यास अ. उ. आ.

तुझं पत्र काल आलं. कारखान्याच्या प्रशिक्षणातून चार दिवस सुटी काढून तू जपानातल्या त्या बुद्धदेवळांच्या परिक्रमेला गेलास, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. पुढची ओळ वाचली आणि ते तिथंच आटलं. देवळं अठ्ठ्याऐंशी, आणि तू सुरुवात केलीस अठ्ठ्याऐंशीव्यापासून! अरे, आपल्यात मारुतीलासुद्धा कुणी उलटा फेरा घालतं का?

मी काय मागितलं होतं? परदेशातला असला तरी देव तो देवच. त्याला एवढंच साकडं घालायचं होतं की यंदा तात्यानं भाऊबीजेला यावं. तीन वर्षं त्याचा पाट मांडते आणि शेवटी त्याच्या जागी चंद्राला ओवाळून उठते. सख्खा थोरला भाऊ पैठणला असताना! आईनं शेवटच्या दुखण्यात तिचा बाळकृष्ण माझ्या हाती दिला, आणि वर्षश्राद्धाला भर पंगतीत हा म्हणाला, की कालिंदीनं घरातला देव पळवला. वाढणारेसुद्धा भांडी धरून थबकले. एवढी बेइज्जती! मी तशीच ताटावरून उठून आले. त्यानं येऊन चूक कबूल करावी म्हणून तुला देवाकडं पाठवलं, तर तू उलटा चाललास. आता तो आणखी लांब जाईल.

हे हसतात. म्हणतात, मेव्हण्यानं नकाशा उलटा धरला असेल. आणि वाटेत एका म्हातारीनं दिलेली संत्री तू फुकट खाल्लीस, हेही मला पटलं नाही.

स्वेटर घालत जा. रागावले आहे, पण लोभ होता तेवढाच आहे. तूही कमी करू नकोस.

तुझी ताई

ओसाका, ता. १८ ऑक्टोबर १९८८

ती. ताईस केशवचा सा. न.

पाकीट उघडायच्या आधीच हाताला गरम लागलं. दाजींना सांग, नकाशा सरळच होता. यंदा लीपवर्ष आहे. अशा वर्षी इथं मुद्दाम उलटं जातात, पुण्य जास्त मानतात. संत्री नाकारली असती तर त्या आजी दुखावल्या असत्या. यात्रेकरूला काहीतरी देणं हीच त्यांची पूजा.

त्यांनीच एक गोष्ट सांगितली, सोबतच्या मित्रानं मला अर्थ समजावला. कोबो दाइशी नावाचे साधू या वाटेनं अजून फिरतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. एका श्रीमंतानं त्यांना दारातून हाकललं. पुढं पस्तावला, क्षमा मागायला त्यांच्या मागं निघाला. वीस परिक्रमा झाल्या; साधू कायम पुढंच. एकविसाव्या वेळी तो उलटा फिरला, तेव्हा ते समोरून आले.

ताई, भाऊबीज अकरा नोव्हेंबरला आहे. एस.टी. पैठणहूनही निघते आणि औरंगाबादहूनही.

आता पुन्हा रागावशील. रागवायला का होईना, लिही. आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.

तुझा केशव

॥ श्री ॥
औरंगाबाद, ता. १४ नोव्हेंबर १९८८

चि. केशव यास अ. उ. आ.

तुझ्या गोष्टीनं दोन दिवस जेवण गेलं नाही. अरे, उलटा फिरला तो अपराधी होता! मी कुणाला दारातून हाकललं? हेच तात्याला तोंडावर विचारायचं म्हणून भाऊबीजेला सकाळच्या गाडीत बसले. बाळकृष्णाला मागं कुणाच्या भरवशावर ठेवणार? यांना स्वतःचा चहा सापडत नाही, देवाला नैवेद्य काय दाखवणार! डब्यात मऊ फडकं घालून त्यालाही बरोबर घेतलं.

तात्या अंगणातच होता. मी पिशवी खांद्यावर ठेवूनच सगळं बोलले. तो चष्मा पुसत राहिला. मग एवढंच म्हणाला, की आईनं दिला हे तू मला कधी सांगितलंस? एके सकाळी आंघोळ करून देवघरात गेलो, तर देव नाही.

मी कशाला सांगू? आई माझीही होती. पण सांगितलं नव्हतं, हे खरं.

वहिनीनं पाय धुवायला पाणी दिलं. देवघरात गेले, तर मधली जागा मोकळी आणि तिथं ताजं तुळशीपत्र. वहिनी हळूच म्हणाली, की हे रोज ठेवतात. विचारलं तर अंगावर येतात.

मी डबा उघडला. रात्रीपुरता म्हणून बाळकृष्णाला तिथं बसवलं आणि तात्याला ओवाळलं. निरांजन नेलं होतं, सुपारी विसरले, त्यावरूनही बोलला. सकाळी निघताना डबा रिकामाच उचलला.

पंगतीतलं बोलणं मी माफ केलेलं नाही, हे त्याला बजावून आले. पुढच्या वर्षी येतो म्हणाला. बघू.

आज सवयीनं लोण्याची वाटी घेऊन देवापुढं गेले. मधली जागा मोकळी. वाटी खाली ठेवली आणि तुळशीचं पान आणायला अंगणात गेले.

त्या संत्रीवाल्या आजींना माझा नमस्कार कळव. माया अशीच राहू दे.

तुझी ताई