लॅपशॉ

रॉसलँड, २१ एप्रिल

प्रिय गार्थ,

तुझ्या नाताळच्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही आणि फेब्रुवारीतल्या मेललाही नाही. इतके महिने गप्प राहिल्याबद्दल माफ कर. ही माफी फक्त उशिराची आहे. पुढे जे लिहिणार आहे त्यासाठी मी माफी मागणार नाही, कारण ते लिहिण्याआधी मी स्वतःला हवं तेवढं उलटंसुलटं विचारून घेतलं आहे.

आधी घरचं. वरच्या वाटांवर अजून बर्फ आहे, खालच्या उघडल्या आहेत. आईचा गुडघा बदलला. ती आता स्वतः तळघरात उतरून बोर्श्ट सूपसाठी बटाटे वर आणते आणि कुणी पिशवी धरायला गेलं की त्याच्यावर काठी उगारते. तुझी चौकशी करत नाही. लुशा किनाऱ्यावरचा झाडं लावायच्या कामाचा हंगाम संपवून परत आली, मे महिन्यात उत्तरेकडच्या कॅम्पवर जाईल. हात सोलवटलेत, पण खूश आहे. तिच्या सायकलची फ्रेम मागच्या चाकाजवळ तडकली. इथल्या दुकानातली कार्बनची फ्रेम तिला परवडत नाही, म्हणून परदेशातून थेट मागवायची असं तिने ठरवलं आहे. हे तुला माहीत नव्हतं असं मी धरून चालते. माहीत असेल, तर हे पत्र जितकं कडू आहे त्याहून कडू व्हायला हवं होतं.

विक्रेता शोधायचं काम तिने माझ्यावर टाकलं. म्हणाली, आई, तू खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा शेवटपर्यंत वाचतेस, तूच बघ. मला बरं वाटलं, हे कबूल करते. विशीतली मुलगी आईकडून काही मागते असे प्रसंग फार नसतात. म्हणून दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या विहिरींचं पाणी तपासायचं आणि घरी येऊन फ्रेमबद्दल वाचायचं, असा माझा महिना गेला. तुला हे सगळं पाठ आहे, तरी लिहिते, म्हणजे मला किती कळतं ते तुला कळेल. एकाच साच्यातली फ्रेम दहा दुकानं दहा नावांनी विकतात. बाहेरून त्या सारख्याच दिसतात. फरक आत असतो: कार्बनच्या कापडाचे थर कुठे किती घातले, नीट दाबले की घाईने. रंग चढल्यावर ते कुणालाच दिसत नाही. तेव्हा समुद्रापलीकडच्या अनोळखी दुकानातून घेणारा माणूस शेवटी, आधी घेतलेला दुसरा माणूस काय सांगतो तेच बघतो. त्याला दुसरा मार्गच नसतो.

शेवटी दोन विक्रेते उरले. एक तैवानमधला, ताइचुंगचा. महाग आणि तुसडा. मी सतरा प्रश्न विचारले तर तीन ओळींत उत्तर दिलं आणि सोबत करवतीने मधोमध कापलेल्या फ्रेमचे फोटो पाठवले, बाकी काही नाही. त्याच्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलंही नाही. दुसरा चीनमधला, शियामेनचा. स्वस्त, गोड बोलणारा. आणि सायकलवाल्यांच्या त्या चर्चेच्या साइटवर त्याच्याबद्दल भरभरून लिहिलेलं. लुशाचं मन त्याच्यावर बसलं ते तीन माणसांमुळे. कोलोराडोचा निवृत्त इंजिनिअर, युटाची नर्स आणि आयडाहोचा एक नवा नवा बाप झालेला तरुण. तिघांनीही वर्षभर फ्रेम दगडधोंड्यांवर आपटली होती आणि तिघांच्याही फ्रेमला ओरखडासुद्धा नव्हता. लुशा फोटो आणि वजनाचे आकडे बघते. मी वाक्यं वाचते. इंजिनिअरसाहेबांनी लिहिलं होतं की सबंध उतारावर, अगदी 'लॅपशॉ'च्या शेवटच्या वळणापर्यंत, फ्रेमने हूं की चूं केलं नाही.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग उठून चहा ठेवला आणि गॅस पेटवायला विसरले.

इथल्या त्या वाटेला लापशा, म्हणजे रशियनमध्ये शेवया, हे नाव माझ्या आईने ठेवलं. तिच्या सूपमधल्या शेवया जशा वाडग्यात वेटोळं घालून पडतात तशी ती वाट डोंगरावरून उतरते, म्हणून. पाटीवर तिचं नाव वेगळंच आहे आणि नकाशातही. लापशा आमच्या घरापुरतं. तू ओंटारिओहून आलेला. तुला तो शब्द कधी म्हणता आला नाही. लग्नाआधी तू 'लॅपशॉ' म्हणायचास आणि घर सोडून गेलास तेव्हाही लॅपशॉच म्हणत होतास. आईने किती वेळा दुरुस्त केलं असेल! शेवटी वैतागून ती म्हणाली, ''याला जेवायला द्या, पण काय जेवतोय ते विचारू नका.'' सगळे हसले, सर्वांत जास्त तू. त्या वेळी मला ते तुझं गोड वाटायचं. एखादा रशियन आजोबा कोलोराडोत असेल, त्यानेही एखाद्या वाटेला शेवयांचं नाव ठेवलं असेल, हे मी मानायला तयार होते. पण रशियन आजोबा तो शब्द तुझ्यासारखा चुकीचा लिहिणार नाही. जगात तो शब्द तसा चुकवणारा मला एकच माणूस माहीत आहे.

तरीही मी थांबले. पाण्यात एकदा शिसं सापडलं तर मी अहवाल लिहीत नाही, दुसरा नमुना घेते. म्हणून तिघांचेही फोटो मोठे करून पाहिले. तुझा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटरसायकलीसारखा. तारुण्यातली सवय, ती तू सोडली नाहीस. इथे सगळ्यांचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला. तुझी सायकल एक चक्कर मारायला म्हणून घेतलेला प्रत्येक जण पहिल्याच उतारावर हँडलवरून पलीकडे जायचा आणि तू पोट धरून हसायचास. तर कोलोराडोच्या इंजिनिअरच्या उजव्या मुठीतून ब्रेकची नळी पुढच्या चाकाकडे जाते. युटाच्या नर्सच्याही. आयडाहोच्या बाळाच्या बापाच्याही. तीन राज्यांत तीन माणसं, आणि तिघांची खोड एकच. निदान नर्सबाईंचा ब्रेक तरी बदलायचास, गार्थ.

इथवर मला फक्त राग आला होता, आणि तोही ओळखीचा. तू रेडिओसाठी जाहिराती मिळवायचास, तेव्हा त्या फर्निचरच्या दुकानाच्या जाहिरातीत आवाज बदलून 'समाधानी ग्राहक' झाला होतास. आपण सगळे स्वयंपाकघरात बसून ते ऐकत होतो. लहानगी लुशा टाळ्या पिटत होती, बाबा रेडिओत गेले म्हणून. त्या दुकानातल्या सोफ्यावर तू कधी टेकलाही नव्हतास. मी तसं म्हटल्यावर तू मला इन्स्पेक्टर म्हणालास, आणि मग ते नावच पडलं. पाहुण्यांसमोर, आईसमोर, लुशासमोर. इन्स्पेक्टर आल्या, ग्लास लपवा. मी हसायचे, कारण न हसणं म्हणजे त्या नावावर शिक्कामोर्तब करणं. फुकट मिळालेल्या एखाद्या वस्तूसाठी तू तीन माणसांची सोंगं आणलीस, एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. लुशाला शियामेनचं नको, ताइचुंगचं घे, असं सांगून मोकळी झाले असते.

पण मी शियामेनला एक प्रश्न विचारला. तिथे आयव्ही नावाची मुलगी पत्रव्यवहार बघते. मी विचारलं, फ्रेमची हँडलच्या खालची नळी तुटल्याची तक्रार तुमच्याकडे कधी आली आहे का? टाळाटाळ होईल अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. ''प्रिय मैत्रीण, काळजी करू नकोस. उत्तर अमेरिकेत एकच तुटली. आम्ही त्या गृहस्थांना लगेच नवी पाठवली. ते फार आनंदी आहेत, आता आमच्याबद्दल खूप छान लिहितात.'' आपलं दुकान किती तत्पर आहे ते दिसावं म्हणून तिने फोटोही जोडला होता. बिचारीला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. हँडल एकीकडे आणि सायकल दुसरीकडे, मधे नळीचे तुकडे, कापडाचे थर उसवलेल्या दोरासारखे बाहेर आलेले. उजवा ब्रेक पुढचा. खाली नारिंगी गालिचा. तो आपल्या तळघरातला आहे, तू विचारून नेला नव्हतास.

ऑक्टोबरात तुझा खांदा मोडला तेव्हा तू लुशाला सांगितलंस की तोल गेला आणि बुंध्यावर आदळलो. ती बस बदलत बदलत तुझ्याकडे बेलिंगहॅमला आली आणि तुला आठवडाभर सूप करून घातलं. नाताळात तिने विचारलं की काळ्या सायकलची हिरवी कशी झाली, तेव्हा तू म्हणालास, रंगाचा कंटाळा आला. पडल्यानंतर प्रत्येक वेळी फ्रेमवर नाणं वाजवून बघायचं, आवाज बद्द आला तर त्या सायकलवर पुन्हा बसायचं नाही, हे तिला तू शिकवलंस. सात वर्षांची होती. आमच्या अंगणात तासन्‌तास टकटक चालायची. आणि तुझ्या स्वतःच्या फ्रेमचे दोन तुकडे झाले, तर तू त्या दुकानाकडून दुसरी घेतलीस आणि जगाला लिहून कळवलंस की ओरखडा नाही. आयव्हीने मला खरं सांगितलं. तिने मला पाहिलेलं नाही, तिच्या दुकानाचं त्या उत्तराने नुकसान होऊ शकतं, तरी सांगितलं. तू मात्र ज्या मुलीने तुला चमच्याने भरवलं तिलासुद्धा सांगितलं नाहीस.

मी स्वतःला विचारलं आहे की लिहिणारा दुसरा कुणी असता तर मी फोटो इतके मोठे करून पाहिले असते का. नसते. तुला पकडताना मला थोडा आनंद झाला का? झाला, ब्रेकची नळी पुढच्या चाकाकडे जाताना दिसली तेव्हा झाला, आणि आयव्हीचा फोटो उघडल्यावर तो गेला तो गेलाच. ताइचुंगची फ्रेम तुटणार नाही याची खात्री मी देऊ शकते का? नाही. एकच फ्रेम तुटली म्हणजे शियामेनच्या सगळ्या वाईट असंही शास्त्राने म्हणता येत नाही. आणि आधी फ्रेम तुटली मग तू पडलास, की आधी पडलास मग ती तुटली, हे मला माहीत नाही. ते तुलाच माहीत आहे. मला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिलं आहे, एक ओळ जास्त नाही. तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते वेगळं, आणि ते आता कोणत्याही कागदात मावणार नाही.

आता हे पत्र का, ते. लुशा शुक्रवारी ऑर्डर देणार आहे, शियामेनला. सोमवारी मी तिला सांगायला गेले. तुझं नाव तोंडातून निघालं मात्र, तिने हात वर केला. शांतपणे म्हणाली, ''आई, बाबांबद्दल काही बोलायचं असेल तर त्यांच्यासमोर बोल. त्यांच्या पाठीमागे मी एक शब्द ऐकणार नाही.'' मग म्हणाली, ''त्यांनाही मी हेच सांगितलं आहे, तुझ्याबद्दल.'' म्हणजे इतकी वर्षं तू तिकडे बोलत होतास आणि मी इकडे, आणि मधे बसून तिने हा नियम केला. नियम चांगला आहे. मी तो मोडणार नाही. फोनवर तू हसण्यावारी नेशील, मेलमधली सोयीची ओळ तेवढी उचलशील. म्हणून हे सगळं तुला उद्देशून, तुझ्या नावाने, तुझ्या तोंडावर लिहिलं आहे. तुझ्यासमोर बोलणं याहून मला जमत नाही. यातलं काही खोटं असेल तर तिला फोन करून सांग, तिचा फोन चालू असतो. खरं असेल तर काय सांगायचं ते तूच ठरव. पण एवढं समजून चाल की पाकिटावर तुझं नाव असलं तरी हे वाचणारी तू पहिली व्यक्ती नाहीस.

तुझ्या मुलीची आई,
तमारा

(माझ्यासाठी, वेगळ्या चिठ्ठीवर) उद्या: पत्र पाकिटात घालून, पाकीट न चिकटवता, न्याहारीच्या वेळी लुशाच्या बशीजवळ ठेवणे.